उतरत्या आचेवरची बिस्किटं

आमच्या शेजारचे प्राध्यापक दरवर्षी दिवाळी अंक काढतात. यंदा ते माझ्याच मागे लागले. म्हणाले, किसनराव, भट्टीवरचं काहीतरी लिहून द्या. मी म्हटलं, अहो, चाळीस वर्षं हातात फावडं होतं, लेखणी नव्हती. पण ते ऐकेनात. आणि खरं सांगायचं तर दिवाळी म्हटलं की मला ना आकाशकंदील आठवतो, ना फटाके. मला डबे आठवतात. पितळेचे, पत्र्याचे, जर्मनचे, भट्टीसमोर भिंतीला लागून ओळीनं ठेवलेले डबे.

तेव्हा जालना जिल्हा व्हायचा होता. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. नवीन जालन्यात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत रहीमचाचांची बेकरी होती. मी टेंभुर्णीहून आलो तो त्यांच्याकडं लाकडं फोडायला, आणि राहिलो ते त्यांचा वारस म्हणून. डोळे अधू झाले तसे चाचा हैदराबादला लेकीकडं गेले. जाताना भट्टीच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, "बेटा, जल्दी मत करना. आग खुद बताती है." मग मी एकटाच उरलो. माझी मंडळी त्याच्या आधीच, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, बाळंतपणात गेली होती. पोरही राहिलं नाही. दुसरं लग्न कर म्हणून पुष्कळांनी सांगितलं, माझं मन झालं नाही. भट्टीच्या मागच्या खोलीत मी, एक खाट आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर, एवढाच संसार होता.

आता डब्यांचं सांगतो. हल्लीच्या मुलांना हे ठाऊक नसेल. त्या वेळी घरोघर ओव्हन कुठले? बायका रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घरून घेऊन भट्टीवर यायच्या. कुणी पीठ घरीच मळून आणायची, कुणी समोर पोतं अंथरून तिथंच मळायची. आमचं काम फक्त भाजायचं. पीठ त्यांचं, आच आमची. एका घरची बाई तर तुपावर नजर ठेवायला सासऱ्यांना बसवून जायची, आणि ते म्हातारे पाच मिनिटांत घोरायला लागायचे. मग त्यांच्या तुपाची राखण मलाच करावी लागायची.

एका खेपेला भट्टीत चार घरचे, बिस्किटं मांडलेले पत्रे जायचे. मग कोणतं बिस्किट कुणाचं हे ओळखायचं कसं? त्यासाठी खूण असायची. कुणी काट्यानं टोचायची, कुणी कंगव्याच्या दातांनी रेघा ओढायची, कुणी वाटीची कड उमटवायची. एका दिवाळीत दोन घरांनी सोड्याच्या बाटलीचं बूच आणलं आणि नेमका एकीचा डालडा, दुसरीचं साजूक तूप. काय महाभारत झालं म्हणता. तेव्हापासून मी डबा घेताना आधी खूण बघायचो. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या खुणा मला पाठ होत्या. माझी स्वतःची खूण नव्हती. एकट्या माणसाचं बिस्किट कुणाच्या बिस्किटात मिसळणार?

आणखी एक गंमत होती. पाव आणि खारी मी मळायचो, आणि ती अख्खं गाव खायचं. कुणी विचारायचं नाही की कुणाच्या हातची. फार तर, पाव पायानं मळतात का हो, असं विचारायचे. पण घरच्या डब्यातलं पीठ आलं की निम्म्या घरांत माझा हात चालायचा नाही. फावड्याच्या लांब दांड्यानं मी त्यांचे पत्रे आत सारायचो आणि बाहेर ओढायचो. दांडा कुणाला बाटवत नव्हता. मला याचा राग यायचा का? यायचा. पण धंद्यात राग धरून चालत नाही, म्हणून मी तो गिळायला शिकलो होतो. निदान मला तसं वाटायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरच्या हिवाळ्यात एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी बशीरचा टांगा थांबला आणि एक साठीच्या बाई पितळी डबा घेऊन उतरल्या. पांढरं लुगडं, नाकात काही नाही, चालणं ताठ. पिंपळगाव रेणुकाईच्या मोठ्या शेतकरी घरातल्या. मालक वारलेले, मुलगा शिकून नागपूरला नोकरीला लागलेला. गावी दिरांच्या राज्यात राहवेना, नागपूरला सुनेशी पटेना. इकडे आड, तिकडे विहीर, म्हणून मुलाच्या शिक्षणासाठी भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहिल्या होत्या. हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं, "साखर न घालता गोड बिस्किट करता येतं का?"

"साखर का न्हाई घालायची?" मी विचारलं.

"डॉक्टरनं बंद केली. गूळ बी बंद. मैदा बी बंद म्हन्ला, ज्वारी-बाजरी खा. मला दुसरं काही नको रे, पण दुपारच्या चहासंगं एक बिस्किट लागतंच. मालक होते तवापासूनची सवय. आता तेवढंच राह्यलं."

"मंग गोड कशानं करायचं?"

"फळानं. फळाचं नाव त्यानं घेतलं न्हाई."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "गाव कोणतं तुझं?"

"टेंभुर्णी."

"टेंभुर्णीत कुठं?"

हा प्रश्न पत्त्याचा नसतो, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगितलं, "गावाच्या खालच्या अंगाला." त्यांनी मान हलवली, उघड्या दारातून आतल्या तसबिरीकडं पाहिलं, आणि डबा उचलून आपल्याकडं घेतला. म्हणाल्या, "पीठ मी मळीन. तू फक्त भाज." काकू म्हणायला मी त्या दिवशीच लागलो, पण मनात म्हातारीच म्हणालो.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय, साखरेऐवजी फळ घातलं की झालं. तसं नसतं. साखर बिस्किटाला नुसतं गोड करत नाही, खुसखुशीतही करते. ज्वारीला चिकटपणा नाही. पहिल्या खेपेला काकूंनी केळं कुस्करून घातलं, तर बिस्किट म्हणजे ओली भाकर झाली. दुसऱ्या खेपेला मोसंबीचा रस आणला. तेव्हा आमच्याकडं मोसंबीच्या बागा नव्यानं वाढत होत्या आणि जो तो मोसंबीचं कौतुक सांगायचा. रस आचेत गेल्यावर असा कडवट झाला की काकूंनी तोंडातला घास पदरात काढला. तिसऱ्यांदा मी सांगितलं, खजूर आणा, बिया काढून भिजवा आणि पाट्यावर वाटा.

ते जमलं. निम्मी ज्वारी, निम्मी बाजरी, मूठभर गव्हाचं जाडं पीठ. ज्वारीचं पीठ आधी गरम पाण्यानं उकड काढल्यासारखं भिजवायचं, म्हणजे ते धरतं. मग खजुराचा गोळा, थोडं तूप, वरून तीळ. पण हे सगळं मी हात मागं बांधून, तोंडानं सांगायचो. "काकू, आणखी चेपा. कडा फाटून राह्यल्या. पाण्याचा हात लावा." त्या मळायच्या आणि मी बघायचो. माझे हात शिवशिवायचे. पीठ झालं की नाही हे डोळ्याला कळत नाही, तळव्याला कळतं, आणि माझा तळवा भट्टीपुढच्या कठड्याच्या अलीकडं होता.

बाजरीच्या बाबतीत काकू फार काटेकोर होत्या. बाजरीचं पीठ दळून आठ दिवस झाले की कडू पडतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी त्या दर खेपेला डबा उघडून लांबूनच माझ्याकडं करायच्या आणि म्हणायच्या, "कालच दळलंय. वास घे." मी वास घ्यायचो आणि मान हलवायचो. हा आमचा रिवाजच झाला होता.

आता आचेचं. भट्टीत बाभळीची लाकडं पेटवायची, आतला सगळा घुमट तापला की निखारे ओढून काढायचे आणि ओल्या पोत्यानं तळ पुसायचा. मग चिमूटभर पीठ तळावर टाकायचं. लगेच काळं पडलं तर आच पावाला सुद्धा जास्त. तांबूस झालं की पाव घालायचा. पाव निघाल्यावर आच उतरते, तिच्यावर खारी आणि नानकटाई. आणि अगदी शेवटी, टाकलेलं पीठ कितीतरी वेळानं बदामी होतं, ती काकूंची आच. खजूर तेज आचेला करपतो, म्हणून त्यांचा नंबर नेहमी सगळ्यांच्या शेवटी. तोवर गिऱ्हाईक गेलेलं असायचं, गल्लीत ऊन कललेलं असायचं. भट्टीपाशी आम्ही दोघंच.

दर पंधरा दिवसांनी त्या यायच्या. तीन वर्षं आल्या. त्यांची खूण अंगुस्तानाची, म्हणजे शिवताना बोटात घालायचं ते पितळी टोपण. ते दाबलं की बिस्किटावर बारीक ठिपक्यांचं गोल चांदणं उमटायचं. भाजायला उतरत्या आचेवर अर्धा तास लागायचा. त्या अर्ध्या तासात पोत्यावर बसून त्या बोलायच्या. पिंपळगावच्या देवीची यात्रा, मालकांचा तापट स्वभाव, मुलाचं पत्र आलं की नाही. बहुतेक वेळा आलेलं नसायचं. एकदा म्हणाल्या, "घरात बोलायला कुणी न्हाई म्हणून मी रेडू लावून ठेवते. तो बोलतो, पण इचारत काहीच न्हाई." मी म्हटलं, "माझ्याकडं रेडू बी न्हाई." त्यावर त्यांनी विचारलं, "जेवलास का?" मंडळी गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी जेवलो नव्हतो, तरी जेवलो म्हणून सांगितलं.

बिस्किटं निघाली की एक त्या गरमच मोडून खायच्या आणि एक माझ्यासाठी कठड्यावर ठेवायच्या. "चव बघ." माझ्या हातात कधी दिलं नाही. त्या ठेवायच्या, हात मागं घ्यायच्या, मग मी उचलायचो. त्या बिस्किटाची मी पंधरा दिवस वाट बघायचो आणि दर वेळी ते उचलताना माझा जळफळाट व्हायचा. दोन्ही खरं आहे. हल्ली एका डॉक्टरांना मी ही कृती मोठ्या अभिमानानं सांगितली, तर ते म्हणाले, किसनराव, खजुरातही साखरच असते. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून तीन वर्षं डॉक्टरला फसवलं, की स्वतःला, कोण जाणे.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या हातून वस्तू निसटायला लागल्या. अंगुस्तान दोनदा पिठात पडलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "बोटं बधिर झाल्यावानी वाटतात. थंडी हाय." त्या दिवशी मी तापता पत्रा काढून कठड्यावर ठेवला. काकू मुलाबद्दल काहीतरी सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी आधाराला म्हणून हात टेकला तो थेट पत्र्यावर, आणि बोलतच राहिल्या. मला कातडी जळाल्याचा वास आला. मी काही विचार केला नाही, मनगट धरून त्यांचा हात ओढून काढला.

तळवा पांढरा पडला होता. पण त्या तळव्याकडं बघत नव्हत्या. माझ्या हाताकडं बघत होत्या, त्यांच्या मनगटावरच्या. मी हात सोडला.

"मला लागलंच न्हाई रे," त्या हळू म्हणाल्या. मग हात पदरात गुंडाळला आणि टांग्यात जाऊन बसल्या. बिस्किटं तशीच राहिली. ती निवल्यावर मी त्यांच्या डब्यात भरली आणि बशीरच्या हाती घरी पाठवली.

पुढच्या पंधरवड्याला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी रोज शेवटची आच रिकामी जाऊ द्यायचो आणि गल्लीकडं बघायचो. आठवडाभर काळजी वाटली. मग डोक्यात दुसरंच शिरलं. म्हातारीला माझा स्पर्श सोसला नाही. भाजलेलं कळलं नाही, पण माझी बोटं कळली. अंघोळ करून मोकळी झाली असेल. हे मी इतक्या वेळा मनाशी घोळवलं की मला ते खरंच झालं असं वाटायला लागलं. त्यांचं घर स्टेशनपलीकडं, पायी वीस मिनिटांवर. मी जाऊन विचारलं नाही.

दीड महिन्यानं बशीर तो पितळी डबा घेऊन आला. "काकूच्या शेजारनीनं देल्ला. काकू म्हन्ल्या म्हनं, किसनला सांगा, मळून भाजून दे."

मी झाकण उघडलं. आत कोरडं पीठ होतं, ज्वारीचं आणि बाजरीचं. एका फडक्यात खजूर बांधलेला. आणि पिठावर मधोमध अंगुस्तान ठेवलेलं.

मळून. हा शब्द ऐकायला मी तीन वर्षं थांबलो होतो असं म्हटलं तरी चालेल. आणि तो आला तेव्हा मला आनंद झाला नाही, संताप आला. आता अडलं तर माझा हात चालतो होय? डबा मी फळीवर ठेवून दिला. हात कसा आहे, एवढंसुद्धा बशीरला विचारलं नाही. तीन दिवसांनी त्यानं वाटेत टांगा थांबवून विचारलं, "किसनभाऊ, काकूचा डबा झाला का?" मी म्हटलं, "सवड न्हाई. बघू." सवड होती. रोज उतरती आच वाया जात होती. मी तिच्यासमोर बसून राहायचो, फळीवरच्या डब्याकडं पाठ करून.

दहाव्या की अकराव्या दिवशी राग संपला. का ते सांगता येत नाही, आच उतरते तसा उतरला. मी हात धुतले आणि डबा खाली घेतला. झाकण काढताच वास आला. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. कडू.

मी दुसरं पीठ दळून आणू शकलो असतो. पण काकूंना न विचारता माझं पीठ कसं वापरायचं? म्हणून भट्टी तशीच सोडून पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई बाहेर आल्या. मी भट्टीवाला किसन म्हटल्यावर त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"तुम्हीच का किसन?" त्या म्हणाल्या. "लई उशीर केलात. काकूंचा हात चिघळला होता, बरा व्हायचं नावच घेईना. तवापासून घराभाईर पडल्या न्हाईत. परवा लेक येऊन नागपूरला घेऊन गेला. हात ठेवतील का न्हाई, डॉक्टरला बी सांगता येईना."

मी कुलूप ओढून पाहिलं.

"दळण मीच आनून देल्तं त्याह्यला. रोज दुपार कलली की इचारायच्या, किसनचा डबा आला का? जायच्या दिवशी लेक घाई करून राह्यला होता, तरी टांगा थोडा थांबवला त्यांनी. म्हन्ल्या, आज येईल."

नागपूरचा पत्ता बाईंना माहीत नव्हता. बशीरलाही नव्हता. पुढं काकूंचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. मला कळवणार कोण, आणि मी त्यांचा कोण? खोल्या पुढच्या महिन्यात दुसऱ्या भाडेकरूला गेल्या. पितळी डबा अजून माझ्याकडं आहे. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये म्हणतात, इथं परत करायलाच कुणी नाही.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं भट्टी चालवली. गिऱ्हाइकांत माझी ख्याती होती, किसनराव फार कटकटे. डबा हातात आला की मी आधी विचारायचो, दळण कधीचं? आणि काहीही झालं तरी त्याच दिवशी भाजून द्यायचो. बायका हसायच्या. मीही हसायचो.

पण त्या दिवशी स्टेशनपलीकडून परत आलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती आणि भट्टी निम्मी निवली होती. मी काकूंचं पीठ परातीत ओतलं. गरम पाण्यानं भिजवलं, खजूर वाटून घातला, आणि मळलं. कडा फाटत होत्या, पाण्याचा हात लावला. तळव्याला बरोबर कळलं, पीठ कधी झालं ते. एकेक गोळा चपटा केला, प्रत्येकावर अंगुस्तान दाबलं आणि शेवटच्या आचेवर पत्रा आत सारला. अर्धा तास पोत्यावर बसून राहिलो, त्यांच्या जागेवर. बिस्किटं निघाली ती दिसायला आजवरच्या सगळ्यांत चांगली होती. एक मोडून खाल्लं. एक कठड्यावर ठेवलं, हात मागं घेतला, आणि थोड्या वेळानं मीच उचललं. कडू होती. फेकायला हात झाला नाही. पुढचे चार दिवस, दुपारच्या चहाबरोबर, मी ती सगळी एकट्यानं संपवली.